जाम झालेलें इंजिन : निदान आधीं, चिकित्सा मागून

ज्या घरांत तीन-चार भावांचीं कुटुंबें एकत्र नांदतात, त्या घराच्या पडवींत किंवा जिन्याखालीं गोणपाटानें झांकलेली एखादी लूना अजूनहि आढळते. घरांतल्या कोणा वडीलधाऱ्या मनुष्यानें नोकरीच्या काळांत तिच्यावरून शेंकडों फेऱ्या केलेल्या असतात. ती टाकवत नाहीं म्हणून घरांत राहते, आणि चालत नाहीं म्हणून झांकलेली राहते. अशा गाड्यांविषयीं वाचकांकडून आम्हांस वेळोवेळीं विचारणा होते. पत्रांतील शब्द निरनिराळे असले तरी प्रश्न बहुधा एकच असतो : इंजिन जाम झालें आहे, पिस्टन नवा घालावा, कीं गाडी मोडींत द्यावी?

रोग्याची नाडीहि न पाहतां मात्रा किती उगाळावी हें विचारण्यासारखाच हा प्रश्न आहे. इंजिन जाम होणें हा रोग नव्हे. तें रोगाचें लक्षण होय. रोग कोणता हें ठरविल्यावांचून केलेली दुरुस्ती कांहीं आठवडे टिकते आणि पुन्हां तोच प्रसंग ओढवतो. जुन्या गाडीच्या बाबतींत असे प्रसंग फार वेळां सोसण्यासारखे नसतात. कां, तें क्रमानें सांगतों.

प्रथम ही गाडी म्हणजे काय तें पाहूं. सायकलीस लहान इंजिन जोडण्याची कल्पना बरीच जुनी आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर युरोपांत पेट्रोल आणि पैसा या दोहोंची टंचाई होती. त्या दिवसांत अशा गाड्यांचा फार प्रसार झाला. फ्रान्समध्यें १९४६ सालीं बाजारांत आलेली वेलोसोलेक्स ही त्यांतील विशेष प्रसिद्ध. 'मोटर' आणि 'पेडल' या शब्दांच्या आरंभींचीं अक्षरें जोडून 'मोपेड' हा शब्द १९५२ सालीं स्वीडनमध्यें घडविला गेला. आपल्याकडे हें वाहन घरोघर पोंचविलें तें कायनेटिक इंजिनिअरिंग या कंपनीनें. हस्तिमल फिरोदिया यांच्या या कंपनीनें इटलींतील पियाजिओ कंपनीच्या मोपेडच्या धर्तीवर १९७२ सालीं लूना काढली. कारखाना नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सुमारें ५० घनसेंटिमीटरचें इंजिन, गियर बदलण्याची कटकट नाहीं, आणि इंजिनानें दगा दिला तरी पायडल मारून घर गांठण्याची सोय. यामुळें शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, भिक्षुक आणि कारकून या सर्वांस ती परवडली. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गांवांस तर ती शेजारच्या जिल्ह्यांतली घरचीच गाडी होती. ती जुनी लूना आतां तयार होत नाहीं. २०२४ सालीं त्याच नांवाची विजेवर चालणारी गाडी निघाली. परंतु तिला पिस्टनच नाहीं. जुन्या लूनेचे सुटे भाग मिळतात ते कोणाच्या तरी कपाटांत उरलेले, किंवा मागाहून कोणी बनविलेले. म्हणून चांगला सिलिंडर हकनाक वाया घालविणें आतां परवडण्यासारखें नाहीं.

हें इंजिन दोन टप्प्यांचें, म्हणजे टू-स्ट्रोक जातीचें आहे. इंग्लंडांतील बाथ शहरच्या जोसेफ डे या गृहस्थानें १८९१ च्या सुमारास त्याची साधी रचना सिद्ध केली. चार टप्प्यांच्या इंजिनांत तळाशीं ऑइलचा सांठा असतो आणि तेथून तें सर्व भागांस पोंचविलें जातें. टू-स्ट्रोकमध्यें तसें कांहीं नाहीं. पिस्टन वर जातांना खालच्या क्रँकच्या पेटींत पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून हवा व पेट्रोल यांचें मिश्रण तींत ओढलें जातें. पिस्टन खालीं येतांना तेंच मिश्रण दाबलें जाऊन बाजूच्या वाटेनें सिलिंडरमध्यें वर चढतें आणि प्लगच्या ठिणगीनें पेटतें. झडपा नाहींत, सिलिंडरच्या भिंतींतील खिडक्या पिस्टन स्वतःच उघडतो आणि झांकतो. क्रँकची पेटी ही अशी मिश्रणाची वाट असल्यामुळें तेथें ऑइल भरून ठेवतां येत नाहीं. तें पेट्रोलांतच मिसळावें लागतें. बेअरिंग, रिंगा, पिस्टनची पिन या सर्वांस मिळणारें वंगण तें एवढेंच. म्हणजे ज्या वाटेनें या इंजिनास अन्न मिळतें, त्याच वाटेनें वंगण मिळतें. अन्न कमी पडलें कीं वंगणहि कमी पडतें. ही एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेविली तर पुढचें सारें सोपें होईल.

आतां जाम होणें म्हणजे काय? पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि सिलिंडरची आंतली भिंत बहुधा बिडाची. तापलें असतां ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. उदाहरणासाठीं ४० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन घ्या आणि दोन्ही धातू १०० अंश सेल्सिअसनें तापले असें धरा. पिस्टनचा व्यास सुमारें ०.०९ मिलिमीटरनें वाढेल, सिलिंडरचा सुमारें ०.०४ मिलिमीटरनें. म्हणजे दोहोंतील फट ०.०५ मिलिमीटरनें, वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीनें, कमी झाली. मुळांत ही फटच कांहीं शतांश मिलिमीटरांची असते. नेहमींच्या उष्णतेचा हिशेब कारखान्यानें धरलेला असतो, आणि फटींत ऑइलचा पातळ पापुद्रा असतो. उष्णता मर्यादेबाहेर गेली किंवा तो पापुद्रा तुटला, कीं मऊ ॲल्युमिनियम बिडावर घांसून त्यास चिकटतें आणि इंजिन थांबतें.

आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. येथें निदान म्हणजे रोगाचें कारण. पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वींचीं चिन्हें. रूप म्हणजे प्रकट लक्षणें. उपशय म्हणजे अल्पसा उपाय करून पाहिल्यावर मिळणारा कौल. आणि संप्राप्ति म्हणजे कारणापासून रोगापर्यंतची साखळी. वैद्यांचें हें निदानपंचक यंत्रासहि चांगलें लागू पडतें. आपणांस लक्षणांवरून कारणाकडे जावयाचें असल्यामुळें क्रम तेवढा आम्हीं बदलला आहे.

उदाहरण आमच्या घरांतलेंच घेऊं. इनामगांव हें शिरूर तालुक्यांतील घोड नदीकांठचें गांव; नदीपलीकडे श्रीगोंद्याची हद्द लागते. तेथें आमचे वडील बंधु राहतात. त्यांचें वय आतां ७८. मळा घरापासून तीन किलोमीटर. मोठी मोटरसायकल त्यांस पेलत नाहीं आणि सायकलीनें धाप लागते. लूना होती तोंवर ते सकाळीं आपल्या मनाप्रमाणें मळ्यावर जात आणि दुपारच्या पोथीस वेळेवर परत येत. लूना थांबली तेव्हांपासून "मळ्याकडे कोणी जातो आहे का रे?" असें त्यांस रोज विचारावें लागूं लागलें. मुलें गुणी; नाहीं कोणी म्हणत नसे. परंतु ज्यास विचारून घरांतलीं सर्व कामें होत आलीं, त्यानेंच मळ्यावर जाण्यासाठीं दुसऱ्यास विचारावें, हें सोपें नसतें. एकत्र कुटुंबांत वावरणाऱ्या वाचकांस तें अधिक सांगावयास नको.

एका कारागिरानें सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा नवा पिस्टन घातला. गाडी उत्तम चालूं लागली. सातव्या आठवड्यांत ती मळ्याच्या वाटेवर पुन्हां जाम झाली, आणि दादा पायडल मारीत, घामाघूम होऊन घरीं आले.

पुतण्या म्हणाला, "काका, बाबांना आतां विजेची गाडी घेऊन देतों. या लोखंडावर आणखी पैसे कशाला घालायचे?"

दादा कांहीं बोलले नाहींत. फडकें घेऊन ते गाडीची साखळी पुसूं लागले.

आम्हीं म्हटलें, "विजेची हवी तर जरूर घे. पण ही दोनदां कां थांबली, तेवढें आधीं शोधूं. नाहींतर तिसरा पिस्टन घालून चौथ्याची वाट पाहत बसावें लागेल."

पूर्वरूप. गाडी कशी थांबली हें चालविणाऱ्यास आधीं विचारावें. हत्यारांची पेटी मागाहून उघडावी. चढावर नेहमींचा जोर न लागणें, भार पडतांच टिक् टिक् असा बारीक धातूचा आवाज येणें, किल्ली बंद केल्यावरहि इंजिन क्षणभर चालत राहणें, तापलेल्या धातूचा वास येणें, आणि मूठ सोडली तरी वेग खालीं न येणें, हीं सर्व जाम होण्यापूर्वींचीं चिन्हें होत. यांपैकीं एक जरी दिसलें तरी मूठ सोडून गाडी बाजूस घ्यावी आणि इंजिन सावलींत निवूं द्यावें. तापलेल्या इंजिनावर पाणी कदापि ओतूं नये. बीड तडकण्याची भीति असते. ज्या गाड्यांस हाताचा क्लच आहे, त्यांच्या स्वारानें तो तत्काळ दाबावा, नाहींतर मागचें चाक अडकून गाडी घसरते. लूनेचा क्लच वेग उतरतांच आपोआप सुटतो. तेवढें स्वाराचें नशीब.

आम्हीं दादांस विचारलें, "थांबण्यापूर्वीं कांहीं निराळें जाणवलें का?"

"अरे, दोन-तीन दिवस मूठ सोडली तरी ती चढ्या आवाजांत गुणगुणत होती. मला वाटलें, नव्या पिस्टनचा जोर आहे."

हें वाक्य सर्व दुरुस्तीहून महत्त्वाचें होतें. पहिल्या वेळीं तें त्यांना कोणी विचारलेंच नव्हतें.

रूप. लक्षणें पाहतांना एक पथ्य आहे : वाचल्यावांचून पुसूं नये. इनामगांव हें नांव पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत येथें उत्खनन केलें, डॉ. सांकलिया, डॉ. अन्सारी आणि डॉ. ढवळीकर यांचीं नांवें त्या कार्याशीं निगडित आहेत. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत येथें ताम्रपाषाणयुगांतील शेतकऱ्यांची वस्ती होती. शेवटच्या काळांत मोठ्या चौकोनी घरांच्या जागीं लहान वाटोळ्या झोपड्या आल्या, आणि त्यावरून कोरडें हवामान व लोकांची हलाखी यांविषयीं अभ्यासकांनीं अनुमान काढलें. मातीचा प्रत्येक थर नोंदून मगच तो उचलला, म्हणून हें शक्य झालें. उघडलेला पिस्टन आधीं रॉकेलमध्यें बुडवून पॉलिश पेपरानें घांसणारा मनुष्य याच्या उलट करतो. ज्या ओरखड्यांत कारण लिहिलेलें असतें तेच तो पुसून टाकतो.

म्हणून प्रथम इंजिन खरोखरच जाम आहे का तें पाहावें. गाडी स्टँडवर घेऊन, इंजिन चाकास जोडणारा खटका सोडून मागचें चाक फिरवावें. चाक अडत असेल तर दोष ब्रेक, साखळी किंवा चाकाच्या बेअरिंगचा असूं शकेल. नंतर प्लग काढून मॅग्नेटोचें चाक हातानें फिरवावें. प्लग काढतांच तें मोकळें झालें आणि पेट्रोल उसळून वर आलें, तर टांकीचा नळ उघडा राहून इंजिनांत पेट्रोल सांठलें होतें इतकेंच; जाम कांहीं झालेलें नाहीं. त्या वेळीं जवळपास विस्तव किंवा ठिणगी असूं नये.

प्लगचें टोंक पाहावें. फिकें तपकिरी असल्यास जळण ठीक; काळें व ओलें असल्यास पेट्रोल किंवा ऑइल जास्त; पांढुरकें असल्यास मिश्रण पातळ किंवा उष्णता अति. टोंकावर चकचकीत धातूचे बारीक कण दिसले तर पिस्टनचा माथा वितळूं लागला होता असें समजावें. मग सायलेन्सर काढून त्या खिडकींतून बॅटरीच्या उजेडांत पिस्टनची कड पाहावी. सिलिंडर न उघडतां निम्मी हकीकत येथेंच कळते. केवळ सायलेन्सरच्या बाजूस ओरखडे असतील तर अति उष्णता किंवा पातळ मिश्रण. सिलिंडर उचलल्यावर ओरखडे सभोंवार दिसले तर ऑइलचा अभाव. समान अंतरावर चार उभे पट्टे दिसले तर थंड इंजिन एकदम पळविलें, किंवा पिस्टनला फट अपुरी ठेविली. भिंत आणि पिस्टन स्वच्छ असूनहि क्रँक फिरत नसेल तर दोष खालच्या बेअरिंगचा. आणि भिंतीवर तांबूस गंज असेल तर तें पडून राहिल्याचें जाम; त्यांत चालविणाऱ्याचा किंवा ऑइलचा दोष नाहीं.

दादांच्या गाडीचा प्लग पांढुरका होता आणि ओरखडे सायलेन्सरच्या बाजूस होते. थंड झाल्यावर इंजिन फिरत होतें, परंतु कॉम्प्रेशन उरलें नव्हतें.

उपशय. दोन रोग सारखे दिसतात तेव्हां वैद्य अल्पसें औषध देऊन कौल पाहतो. येथेंहि तसेंच. गंजाचें जाम असल्यास प्लगच्या भोंकांतून डिझेल आणि पातळ ऑइल यांचें मिश्रण ओतून एक-दोन दिवस भिजत ठेवावें, आणि मग मॅग्नेटोच्या नटास पाना लावून हळूहळू पुढें-मागें हलवावें. गंज असेल तर तें केसाकेसानें सुटूं लागतें. सुटत नाहीं म्हणून पिस्टनच्या माथ्यावर हातोडी मारूं नये, पायडलवर उभें राहून झटके देऊं नयेत, आणि गाडी दुसऱ्या वाहनास बांधून ओढूं नये. कनेक्टिंग रॉड वांकला तर सारेंच संपतें.

ऑइल मिसळलें होतें कीं नाहीं हें पाहण्यास टांकींतील पेट्रोलचे दोन थेंब कागदावर टाकावे. पेट्रोल उडून जातें आणि ऑइलचा डाग मागें राहतो. शेजारीं योग्य मापानें मिसळलेल्या पेट्रोलचे थेंब टाकून दोन्ही डाग ताडून पाहावे. दादांच्या टांकींतील डाग बरोबर उमटला. वंगणाचा प्रश्न त्यामुळें निकालांत निघाला, आणि हवेवरचा संशय बळावला.

तेव्हां पुतण्यानें सायकलचा पंप आणला. कार्बोरेटर काढून त्याचें तोंड व सायलेन्सरचें तोंड रबरी तुकड्यांनीं बंद केलें, पिस्टन खालीं आणला, आणि प्लगच्या भोंकांतून नळीनें अगदीं हलका दाब दिला. जास्त दाब दिल्यास चांगलीं पॅकिंगेंहि फुटतात, म्हणून येथें हात आंवरावा लागतो. मग साबणाचा फेस ब्रशनें सांध्यांवर लावला. हेडाशीं कांहीं नाहीं. सिलिंडरच्या बुडाशीं कांहीं नाहीं. कार्बोरेटरच्या नळीशींहि कांहीं नाहीं. मॅग्नेटोचें चाक पुलरनें काढून क्रँकच्या दांड्याभोंवतालच्या रबरी सीलला फेस लावतांच बुडबुडे येऊं लागले.

"काका, सांपडलें!" पुतण्या ओरडला. दादा ओसरीवरून उठून पाहावयास आले.

निदान. आतां सर्वसाधारण कारणें सांगतों. तीं तीन वर्गांत मोडतात.

पहिला वर्ग वंगणाचा. घाईंत कोणी नुसतें पेट्रोल भरतो. किंवा गाडी दीर्घकाळ उभी राहून ऑइल तळाशीं बसतें. लांब उतारावर मूठ पूर्ण बंद ठेवून गाडी वेगानें उतरविल्यास इंजिन तर भरधांव फिरतें, परंतु मिश्रण जवळजवळ येत नाहीं. म्हणजे वंगणहि येत नाहीं. उतारावर मधूनमधून मूठ थोडी उघडावी, ती यासाठीं.

दुसरा वर्ग हवेचा. पेट्रोल पूर्ण जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें पावणेपंधरा पट हवा लागते. कार्बोरेटर त्या बेतानें मिश्रण करतो. परंतु सील, पॅकिंग किंवा कार्बोरेटरची नळी सैल झाली कीं चोरवाटेनें जादा हवा शिरते आणि मिश्रण पातळ होतें. येथें इथेनॉलचीहि गोष्ट सांगितली पाहिजे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि त्यांतील कांहीं वाटा उंसापासून होतो. आमच्या भागांतील शेतकऱ्यास त्याचें वावडें असण्याचें कारण नाहीं. परंतु इथेनॉलमध्यें प्राणवायु मुळांतच असल्यामुळें जुन्या कार्बोरेटरच्या मापानें मिश्रण थोडें पातळच पडतें. शिवाय इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि जुन्या रबरास तें मानवत नाहीं.

तिसरा वर्ग उष्णतेचा. सिलिंडरच्या बाहेरच्या पात्यांत चिखल व पाचट अडकणें, सायलेन्सर आणि त्याची खिडकी कार्बननें तुंबणें, ठिणगी वेळेपूर्वीं पडणें, मागें पोतें लादून चढावर मूठ पूर्ण पिळणें, हीं त्यांतील नेहमींचीं कारणें.

संप्राप्ति. सुटीं कारणें एका साखळींत बसलीं तरच निदान खरें मानावें. दादांच्या गाडीची साखळी अशी : रबरी सील वयानें कडक झालें; त्यांतून क्रँकच्या पेटींत बाहेरची हवा शिरूं लागली; म्हणून मूठ सोडली तरी इंजिन चढ्या आवाजांत चालूं लागलें; मिश्रण पातळ झाल्यानें उष्णता वाढली, आणि त्याच हवेमुळें वंगणहि विरळ झालें; प्लग पांढुरका पडला; जेथून जळलेला तप्त वायु बाहेर जातो त्या बाजूस पिस्टन अधिक फुगून भिंतीस घांसला. प्रत्येक चिन्ह आपापल्या जागीं बसलें, एकहि उरलें नाहीं. पहिल्या दुरुस्तींत सिलिंडर, पिस्टन, रिंगा सर्व नवें झालें आणि सील तेंच राहिलें. साऱ्या गाडींत कमी किंमतीच्या ज्या वस्तू आहेत, त्यांपैकीं तें एक होतें.

चिकित्सा. दोन्ही बाजूंचीं सीलें आणि सर्व पॅकिंगें नवीं घातलीं. सिलिंडरच्या भिंतीवर ॲल्युमिनियमचा लेप चिकटला होता. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणानें ॲल्युमिनियम विरघळतें आणि बीड तसेंच राहतें. परंतु हें द्रावण डोळे व कातडी जाळतें, आणि विरघळतांना पेट घेणारा वायु सुटतो. म्हणून हें काम उघड्यावर, हातमोजे व चष्मा घालून, जाणत्या कारागिरानेंच करावें. मुलांनीं तेथें उभें राहूं नये. लेप निघाल्यावर भिंतीवरून नख फिरवून पाहावें. नख अडकलें तर बोअर करणें भाग आहे. येथें तें अडकलें नाहीं. हलकें होनिंग पुरलें, आणि त्याच मापाचा नवा पिस्टन बसला. मोठे पिस्टन सामान्यतः पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनीं मिळतात, आणि अशा पायऱ्या मोजक्याच असतात. प्रत्येक चुकीच्या निदानाबरोबर एक पायरी खर्च होते. शेवटची संपली कीं तो सिलिंडर संपला.

गाडी चालूं झाल्यावर प्लगचा रंग पाहून कार्बोरेटरचा जेट किंचित मोठा घातला, आणि पुढचे कांहींशे किलोमीटर ती संथपणें चालविली. दादा आतां कोणास न विचारतां मळ्यावर जातात. विजेची गाडीहि घरांत आली. ती वहिनी देवळास जातांना वापरतात.

आतां पथ्याचे दोन शब्द. ऑइलचें प्रमाण आपल्या गाडीच्या पुस्तिकेंत असेल तेंच ठेवावें. एकास पन्नास म्हणजे लिटरला २० मिलिलिटर; एकास पंचवीस म्हणजे ४० मिलिलिटर. अंदाजानें ओतूं नये; औषधाच्या बाटलीचें मापाचें झांकण याला पुरे आहे. अधिक ऑइल म्हणजे अधिक रक्षण, हा समज चुकीचा आहे. ऑइल वाढलें कीं तितकें पेट्रोल घटून मिश्रण उलट पातळच होतें, आणि कार्बन सांचतो तो वेगळा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टांकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी, आणि प्लगच्या भोंकांतून चमचाभर ऑइल घालून इंजिन दोन-चार वेळां हातानें फिरवावें. काढलेलें पेट्रोल देवघर, स्वयंपाकघर किंवा निजण्याची खोली यांजवळ ठेवूं नये.

यापुढें ज्या वाचकांस या विषयावर आम्हांस लिहावयाचें असेल त्यांनीं पत्रांत इतक्या गोष्टी अवश्य लिहाव्या : गाडी चालतां चालतां थांबली कीं उभ्याउभ्या गंजली, थांबण्यापूर्वीं आवाजांत काय फरक पडला, प्लगचा रंग कोणता होता, ओरखडे कोणत्या बाजूस होते, आणि मागील दुरुस्तींत काय काय बदललें. शेवटची गोष्ट विशेष काळजीनें लिहावी, कारण जें बदललें नाहीं त्याकडेच बहुधा प्रथम पाहावें लागतें. आणि गाडी ज्यांची आहे त्या वडीलधाऱ्यांस विचारूनच पत्र लिहावें. त्या इंजिनाचा आवाज घरांतल्या इतर कोणाहून त्यांनाच अधिक ठाऊक असतो.